इशायाच्या दहा भाकरी



गेल्या महिन्यात एका रविवारी मिस्सा संपल्यावर आपल्या पॅरिशमधल्या तीन मुलांना वेदीसमोर बोलावले. तिघेही अग्निवीर, प्रशिक्षण पुरे करून रजेवर आलेले. बारीक कापलेले केस, ताठ पाठ, उन्हाने रापलेले चेहरे. त्यांना शाली घातल्या, फोटो काढले, आणि टाळ्या इतक्या वाजल्या की गायकवृंदाला शेवटचे गीत सुरू करायला थांबावे लागले. हा कार्यक्रम आम्हीच, म्हणजे पॅरिशच्या स्वयंसेवकांनी, आखला होता. आम्ही आमच्यावरच खूश होतो.

टाळ्या चालू असताना मागच्या बाकावरचे एक जोडपे उठले आणि बाजूच्या दाराने निघून गेले. त्यांचा मुलगा याच तिघांबरोबर, त्याच दिवशी, त्याच गाडीने गेला होता. स्टेशनवर त्यालाही आपण हार घातला होता. अकराव्या आठवड्यात त्याच्या नडगीच्या हाडाला चीर गेली. आधी लष्करी दवाखाना, मग मागच्या तुकडीत, आणि शेवटी वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने घर. तो परत आल्याला चार महिने झाले. या चार महिन्यांत त्या घराची पायरी आपल्यापैकी कोणीही चढले नाही. आम्हीही नाही.

हा लेख रागाने लिहिला आहे आणि त्या रागातला पहिला वाटा आमचा आहे. पण दुसरा वाटा साऱ्या पॅरिशचा आहे, तो आम्ही गिळून टाकणार नाही. आमचे म्हणणे साधे आहे. मुले प्रशिक्षणाला गेली की त्यांच्या आईबापांना आपण वाऱ्यावर सोडतो, आणि वर त्यालाच कौतुक म्हणतो.

आधी हे महिने कसे असतात ते समजून घेऊ. पायदळाच्या केंद्रात अग्निवीराचे प्रशिक्षण 31 आठवड्यांचे असते. साडेसतरा वर्षे पूर्ण झाली की भरतीचे दार उघडते, म्हणजे कालपर्यंत बारावीची वही शोधून देणारी आई आज दाराशी उभी असते. मुलगा कुठे जाईल हे कोणाच्या हातात नसते. कोणी बेंगळुरूला, कोणी सिकंदराबादला, कोणी वेलिंग्टनला, कोणी नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात. नौदलात निवड झाली तर थेट ओडिशातल्या चिल्का सरोवराकाठी. आता मुलीही जातात. लष्करी पोलीस दलातली 83 मुलींची पहिली तुकडी मे 2021 मध्ये बेंगळुरूच्या केंद्रातून बाहेर पडली. आपल्या पॅरिशमधली एक मुलगी आज तिथेच आहे.

केंद्रात पोहोचले की मोबाइल जमा. मग रविवारची वाट पाहायची. रविवारीही फोन येईलच असे नाही. आला तर चार-पाच मिनिटे, आणि त्यातही मागून कोणीतरी घाई करत असतो. मुलगा म्हणतो, मी ठीक आहे. आवाज बसलेला असतो. आई विचारते, जेवलास काय? तो म्हणतो, लंगरमध्ये भरपूर मिळते. मग फोन बंद. उरलेले सहा दिवस ती माउली त्या चार मिनिटांतला एकेक शब्द उलटून पालटून बघत बसते. आवाज सर्दीने बसला की रडून? ‘बरं आहे’ असे तो एकदाच का म्हणाला? उस्तादांनी शिक्षा केली असेल काय?

बाप काय करतो? बाप काही बोलत नाही. तो पहाटे उठून अंगणात येरझारा घालतो आणि विचारले तर म्हणतो, झोपच येत नाही हल्ली, वय झाले.

या आईबापांना आपण काय देतो? तीन वाक्ये देतो.

पहिले वाक्य, ‘अभिमान बाळगा.’ अहो, अभिमान त्यांना आहेच. तो तुम्ही शिकवायची गरज नाही. पण हे वाक्य ज्या वेळी आणि ज्या सुरात म्हटले जाते, त्याचा अर्थ होतो, ‘आता पुढचे बोलू नका.’ वीरमाता म्हणून एकदा हाक मारली की त्या बाईला भीती वाटते हे सांगायची सोय उरत नाही. तिने डोळ्याला पदर लावला तर चार बायका म्हणतात, ‘असं करून कसं चालेल? सैनिकाची आई तुम्ही!’ म्हणजे एकीकडे मुलगा लांब आणि दुसरीकडे रडायचीही चोरी.

दुसरे वाक्य, ‘आम्ही प्रार्थना करतोय.’ करत असाल तर उत्तमच. पण आम्ही मागचे सहा महिने मिस्साच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या विनंत्यांचे कागद काढून पाहिले. पावसासाठी आहे, परीक्षार्थींसाठी आहे, परदेशी नोकरीला गेलेल्यांसाठी तर तीनदा आहे. प्रशिक्षणात असलेल्या आपल्या पाच मुलांसाठी एकदाही नाही. ते कागद आम्हीच लिहितो. तेव्हा ‘प्रार्थना करतोय’ हे वाक्य खोटे होते, आणि खोटे आमच्या हातचे होते.

तिसरे वाक्य सगळ्यात वाईट. ‘चिंता करणे म्हणजे विश्वास कमी.’ हे म्हणणाऱ्यांनी लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय पुन्हा वाचावा. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहिला तेव्हा पवित्र मरिया आणि योसेफ तीन दिवस त्याला शोधत फिरले, आणि सापडल्यावर मरियेने आपला जीव कसा कासावीस झाला होता ते त्याला तोंडावर सांगितले. प्रभूच्या आईचा विश्वास कमी होता, असे म्हणायची कोणाची छाती आहे?

शास्त्रात सोबत कशी करतात ते निर्गमच्या सतराव्या अध्यायात आहे. रफीदीम येथे लढाई चालू असताना मोशे टेकडीवर हात वर करून उभा होता. हात खाली आले की आपली माणसे मागे हटत. त्याचे हात भरून आले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला धीराचे भाषण दिले नाही. त्यांनी एक धोंडा आणून त्याला बसायला दिला आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात दोघांनी दोन बाजूंनी धरून ठेवले. धोंडा आणि हात. आपण मोशेला बसायलाही न देता खालूनच ओरडतोय, हिंमत ठेव.

आणखी एक उतारा आपण नेहमी अर्धाच वाचतो. पहिल्या शमुवेलाच्या सतराव्या अध्यायात दावीद आणि गल्याथ सगळ्यांना आठवतात. गोफण आठवते, पाच गुळगुळीत गोटे आठवतात. पण दावीद त्या रणात पोहोचला कसा? त्याच्या म्हाताऱ्या बापाचे, इशायाचे, तीन थोरले मुलगे शौलाच्या छावणीत होते. कित्येक दिवस खबर नाही. शेवटी त्याने धाकट्याच्या पाठीवर भाजलेले धान्य आणि दहा भाकरी दिल्या, मुलांच्या सरदारासाठी पनिराचे दहा तुकडे दिले, आणि सांगितले की भाऊ बरे आहेत का ते बघ आणि त्यांच्याकडून काहीतरी खूण घेऊन ये.

ते पनीर सरदारासाठी का? लष्करात मुलगा असलेल्या कोणत्याही बापाला विचारा, तो लगेच सांगेल. माझ्या पोरावर जरा लक्ष ठेवा, एवढेच त्याला म्हणायचे असते आणि तोंडाने म्हणता येत नाही. आणि खूण? आज ती रविवारची चार मिनिटे आहे. तीन हजार वर्षांत आईबाप काही बदललेले नाहीत. गल्याथाची गोष्ट एका बापाच्या काळजीपासून सुरू होते, आणि पवित्र शास्त्राने त्या काळजीला कुठेही नावे ठेवलेली नाहीत.

आता आक्षेपांकडे येऊ, कारण ते आमच्या तोंडावर घेतले गेले आहेत.

एक काका म्हणाले, ‘मुलं देशाला दिली ना? मग आता मागे वळून कशाला बघायचं?’ काका, हन्नाने तर शमुवेल देवालाच दिला होता. शिलोच्या मंदिरात एली याजकाजवळ ठेवून आली. तरी ती दर वर्षी एक लहान अंगरखा शिवून त्याला नेऊन देत असे. वर्षभर न पाहिलेल्या मुलाचे माप ती कशी घेत असेल? शेजारच्या मुलाच्या खांद्याला सूत लावून, किंवा रात्री डोळे मिटून. देणे आणि विसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरे म्हणाले, ‘पगार मिळतो की त्यांना.’ मिळतो. पहिल्या वर्षी महिना 30,000 रुपये, त्यातले 9,000 सेवा निधीत जमा आणि 21,000 हातात. कष्टाचे पैसे आहेत आणि कित्येक घरांना त्यांचा आधार आहे. पण पगार पोराला मिळतो. आईच्या जागरणाचा हिशेब त्यात धरलेला नाही.

तिसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो एका भल्या माणसाने घेतला. प्रभूने पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगितले, मग चर्चने सैन्याच्या मागे का उभे राहावे? आम्ही हा प्रश्न टाळत नाही. शस्त्र हाती घ्यावे की नाही, यावर ख्रिस्ती सदसद्विवेक पूर्वीपासून झगडत आला आहे आणि झगडावाही. त्यावर फादरांसोबत एक संध्याकाळ जरूर बसू. पण त्या चर्चेचा निकाल लागेपर्यंत एका आईने दाराशी उभे राहावे काय? प्रभूने शताधिपतीच्या आजारी चाकराला बरे केले, तेव्हा आधी त्याला तलवार ठेवायला सांगितल्याचे आम्ही कुठे वाचलेले नाही.

मग करायचे काय? काही गोष्टी आईबापांनी आपापल्यात सुरूही केल्या आहेत, पॅरिशची वाट न बघता. पाच घरे आहेत. दर रविवारी संध्याकाळी रोझरीला ती एका घरी जमतात. ज्याच्या घरी फोन आला तो सांगतो, ज्याच्या घरी आला नाही त्याच्याजवळ बाकीचे बसतात. त्यांच्यातला एक बाप स्वतः माजी सैनिक आहे, पंधरा-सोळा वर्षे नोकरी केलेला. फोन का येत नाही, मागच्या तुकडीत टाकणे म्हणजे काय, कसम परेड कशी असते, हे तो शांतपणे समजावतो. ‘आठव्या आठवड्यात सगळीच पोरं परत यायचं म्हणतात ओ, मीसुद्धा म्हटलेलं,’ असे तो एकदा म्हणाला आणि खोलीतल्या चार बायकांनी एकदम श्वास सोडला. हे काम कोणत्याही प्रवचनाने झाले नसते.

पण सगळे गोड होते असेही नाही. सुरुवातीला याच घरांत तुलना शिरली. माझा मुलगा धावण्यात पहिला, तुझा कितवा? कोणीतरी कुठून तरी आलेला अपघाताचा निरोप खातरजमा न करता पुढे पाठवला आणि एका घरात रात्रभर चूल पेटली नाही. तेव्हापासून त्यांनी नियम केले. केंद्राकडून आलेली बातमी सोडून दुसरी कोणतीही बातमी पुढे पाठवायची नाही. मुलांचे गणवेशातले फोटो, तुकडीचा क्रमांक, ठिकाण, काहीही उघड टाकायचे नाही. ‘तुमचा मुलगा दवाखान्यात आहे, ताबडतोब पैसे पाठवा,’ असा अनोळखी फोन आला तर एकट्याने निर्णय घ्यायचा नाही. आधी त्या माजी सैनिकाला उठवायचे, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. आणि ज्याचा मुलगा मागे पडला, त्याच्यासमोर इतरांनी आपल्या मुलाच्या क्रमांकाचा उच्चार करायचा नाही.

हा शेवटचा नियम केला पाच घरांनी. सहावे घर मात्र तोवर सुटले होते. परत आलेल्या मुलाचे घर.

इथेच आमच्या रागाचे मूळ आहे. प्रशिक्षणात हाडाला चीर जाणे ही काही लाजेची गोष्ट नाही. रोज धावणे, रोज उड्या, पाठीवर ओझे. कोवळे हाड कधी कधी ते सोसत नाही. जगातल्या सगळ्या सैन्यांना हे ठाऊक आहे, फक्त आपल्याला ठाऊक नाही. आपण त्या मुलाला पाहून कुजबुजतो, ‘पळून आला म्हणे.’ सुवार्ता सांगायला आपली जीभ जड होते. ही वार्ता मात्र एका दिवसात साऱ्या कँपात फिरली.

आज तो एक मुलगा आहे. उद्याचे पाहा. अग्निपथ योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के मुलांना पुढे नोकरीत घेतात. म्हणजे दर चौघांपैकी तिघे बावीस-पंचविसाव्या वर्षी घरी परत येणार. 2022 च्या अखेरीस भरती झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे 2026 च्या अखेरीपासून संपू लागतात. योजना चांगली की वाईट हा वाद इथे घालत नाही. पण परत आलेल्या एका मुलाला जी मंडळी तोंड दाखवू शकली नाही, ती परतणाऱ्या तिघांचे काय करणार? शाल घालून पाठवायचे आणि पाठ फिरवून घ्यायचे, हेच करणार असू तर त्या शाली आम्हाला उचलून ठेवू द्या.

आता आपल्या गावाकडे बघा. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र शंभर वर्षांहून अधिक काळ बेळगावात आहे. सांबऱ्याला हवाई दलाच्या जवानांचे प्रशिक्षण चालते. आपली मुले लांब जातात तशी दुसऱ्यांची मुले आपल्या गावात येतात. परेडच्या आदल्या रात्री कोल्हापूर, सातारा, लातूरकडून आलेले आईबाप बसस्थानकाच्या बाकांवर, स्टेशनच्या फलाटावर पिशवी उशाला घेऊन पडलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. पिशवीत लाडू असतात. सहा-सात महिन्यांनी पोराला भेटायचे म्हणून नवे लुगडे घडी घालून ठेवलेले असते. आणि आपला पॅरिश हॉल त्या रात्री कुलूप लावून रिकामा असतो.

अनेक केंद्रांत संचलनानंतर आईबापांच्या छातीवर गौरव पदक लावतात. सैन्याला आईबाप आठवतात. मग चर्चला का आठवू नयेत?

पॅरिश कौन्सिलकडे आमच्या चार मागण्या आहेत. परेडच्या आदल्या रात्री हॉल उघडा ठेवावा. सतरंज्या आणि सकाळचा चहा स्वयंसेवक बघतील, येणाऱ्याचा धर्म कोणी विचारणार नाही. दर रविवारी विनंत्यांमध्ये प्रशिक्षणातल्या मुलांची आणि त्यांच्या घरच्यांची आठवण असावी. आपले मूल ज्या गावात गेले, तिथल्या चर्चच्या फादरांना आपल्या फादरांनी फोन करावा, म्हणजे परेडला जाणाऱ्या आईबापांना त्या परक्या गावात एक ओळखीचे दार असेल. आणि सत्कार करायचाच असेल तर गेलेल्या सगळ्यांचा करावा, परत आलेल्यासकट. नाहीतर कोणाचाच करू नये. या चारही गोष्टींना मिळून एका वार्षिक सणाच्या मांडवाइतकाही खर्च येत नाही.

लेख इथेच संपवणार होतो. पण दुसऱ्यांना दार उघडा म्हणताना आपण अजून ते एक दार ठोठावलेले नाही, हे टोचत राहिले. म्हणून गेल्या गुरुवारी आम्ही तिघे जण त्या घरी गेलो. वडिलांनी दार उघडले, थोडा वेळ बघत राहिले, मग ‘या’ म्हणाले. आई आतून आल्या. आमच्या हातातल्या पिशवीकडे बघून त्यांनी विचारले, ‘शाल आणली नाही ना तुम्ही?’

पिशवीत शाल नव्हती. आमच्यापैकी एकीने केलेल्या भाकरी होत्या आणि वांग्याची भाजी. आम्ही ती ताटात काढली. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग आतल्या खोलीतून तो मुलगा आला. किंचित लंगडत होता. पाटावर बसला आणि जेवला.

आम्ही त्याला काही विचारले नाही. निघताना आई म्हणाल्या, ‘रविवारी रोझरी कोणाच्या घरी आहे?’ आम्ही सांगितले. मग म्हणाल्या, ‘पुढच्या रविवारी आमच्याकडे ठेवा की.’

तर पुढच्या रविवारी संध्याकाळी सात वाजता सहावे घर. टाळ्या वाजवणाऱ्यांनी टाळ्या घरी ठेवून यावे आणि हातात काहीतरी खायचे घेऊन यावे.

हे प्रभू, तुझ्या आईने तीन दिवस तुला शोधले, त्या तीन दिवसांची आठवण ठेव. जी मुले आज रात्री छावणीत झोपली आहेत त्यांना सांभाळ, जी परत आली आहेत त्यांना मान वर करून चालायला शिकव, आणि आम्हाला आधी जाऊन दार ठोठावायची लाज राहू देऊ नकोस. आमेन.